घोणशीचं विष, काचेची नळी आणि वीस मिनिटं

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढलीय, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय.)

पाऊस पडला की खान्देशात आधी कापसाच्या बियाण्याची चर्चा सुरू होते आणि तिच्या मागोमाग सापांची. मग प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ फिरतो. तुम्ही बघितला असेलच. काचेच्या भांड्यात थोडं रक्त घेतलेलं असतं. वरून घोणशीच्या विषाचा एक थेंब टाकतात, जरा हलवतात, आणि काही सेकंदांत रक्ताची जेली होते. भांडं उलटं केलं की गोळाच बाहेर येतो.

आता दुसरं चित्र बघा. यावल, रावेर, शिरपूर, साक्री, कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात घोणस चावलेला माणूस आणला, की कित्येकदा त्याच्या हिरड्यांतून रक्त येत असतं. सुई टोचली तिथून झिरपत राहतं. रक्त गोठतच नाही.

मग खरं काय? विष रक्त गोठवतं की पातळ करतं? दोन्ही चित्रं खरी आहेत. पहिलं घडतं म्हणूनच दुसरं घडतं. आजचा अख्खा भाग यावरच आहे, कारण हे एकदा समजलं की दवाखान्यात जे जे होतं, नळीत रक्त घेऊन ठेवणं, सहा-सहा तास थांबणं, लस लगेच न देणं किंवा एकदम दहा बाटल्या देणं, त्या सगळ्याचा अर्थ लागतो. आणि गावात साप चावला की पेशंटला बाईकवर मधे बसवून नेणारे बहुतेक तुमच्याच वयाचे असतात.

कुलूप लावून ठेवलेली प्रथिनं

आपल्या शरीरात काही प्रथिनं, म्हणजे प्रोटीन्स, फार धोक्याची असतात. ती सतत चालू राहिली तर आपलंच नुकसान करतील. म्हणून शरीर त्यांना बंद अवस्थेत तयार करतं आणि तशीच साठवतं. गरज पडली की एक एन्झाइम येतं, मराठी पुस्तकात त्याला विकर म्हणतात, आणि त्या प्रथिनाच्या साखळीला नेमक्या एका जागी काप देतं. काप बसला की प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते चालू होतं. बाईकला किल्ली फिरवली की जसं होतं, साधारण तसं. फक्त इथे एकदा कापलेलं पुन्हा जोडता येत नाही. किल्ली फिरली ती फिरली.

याची उदाहरणं शरीरभर आहेत. स्वादुपिंड ट्रिप्सिन नावाचं मांस पचवणारं एन्झाइम बंद अवस्थेत बनवतं, कारण ते स्वतःही मांसाचंच आहे. हे कुलूप आतड्यात गेल्यावर उघडायचं असतं. पित्ताच्या खड्यामुळे किंवा दारूमुळे ते स्वादुपिंडाच्या आतच उघडलं, तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं. पॅन्क्रियाटायटिस म्हणतात तो हाच. किंवा कोविड आठवा. त्या विषाणूवरचा काटा पेशीत शिरायला तयार होतो तो आपल्याच शरीरातल्या एन्झाइम्सनी त्याला काप दिल्यावर. दार आपलं, किल्लीही आपलीच.

पण या कुलूप-किल्लीचा सगळ्यात मोठा कारखाना रक्तात आहे. आणि घोणस नेमकी तिथेच हात घालते.

रक्त गोठतं कसं

विळ्याने बोट कापलं की जखमेच्या आतल्या पेशींवरचं एक प्रथिन रक्ताला लागतं. ते एक किल्ली फिरवतं. चालू झालेलं प्रथिन पुढच्याची किल्ली फिरवतं, ते त्याच्या पुढच्याची. या प्रथिनांना नंबर दिलेत. फॅक्टर ७, ८, ९, १० वगैरे. एका शेतातली मोटर चालू झाली की तिने पुढच्या दहा शेतांतले स्टार्टर दाबायचे, त्या दहांनी शंभरांचे, असं काहीसं. प्रत्येक पायरीला काम वाढत जातं.

या साखळीत फॅक्टर १० फार मोक्याच्या जागी बसलाय. वेगवेगळ्या बाजूंनी येणारे रस्ते त्याच्यापाशी एकत्र होतात. तो चालू झाला की प्रोथ्रॉम्बिनला कापतो आणि थ्रॉम्बिन तयार होतं. थ्रॉम्बिन मग फायब्रिनोजेनला कापतं. फायब्रिनोजेन रक्तात विरघळलेलं असतं, साखरेसारखं. कापल्यावर त्याचे धागे होतात, फायब्रिन. धागे एकमेकांत अडकून जाळी होते, जाळीत रक्तपेशी अडकतात आणि भोक बुजतं.

शरीराची खरी हुशारी मला यात दिसते की हे सगळं फक्त जखमेपुरतं होतं. साखळी जखमेच्या जागेला चिकटून चालते, आणि बाहेर वाहून गेलेलं थ्रॉम्बिन आवरायला रक्तात वेगळे ब्रेक आहेत. बोट कापलं म्हणून मेंदूत गाठ होत नाही ती यामुळे.

साप किल्ली घेऊनच येतो

आता घोणस. इंग्रजीत तिला रसेल्स व्हायपर म्हणतात. पॅट्रिक रसेल नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने अठराव्या शतकाच्या शेवटी दक्षिण भारतातल्या सापांचा अभ्यास केला, त्याचं नाव तिला चिकटलं. अंगावर गोलसर गडद ठिपक्यांच्या तीन रांगा, साखळीसारख्या. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा आवाज. आपल्याकडे पुष्कळ जण तिला अजगराचं पिल्लू समजतात, आणि कधी कधी डुरक्या घोणस समजून हातातही धरतात. डुरक्या घोणस बिनविषारी आहे. नावात घोणस असली तरी दोघींचा काही संबंध नाही.

घोणशीच्या विषात बरंच काही असतं, पण आपल्या विषयाची दोन एन्झाइम्स आहेत. एक फॅक्टर १० ला थेट काप देतं, दुसरं फॅक्टर ५ ला. फॅक्टर ५ हा फॅक्टर १० चा मदतनीस, तो सोबत असला की थ्रॉम्बिन कितीतरी पटीने जोरात बनतं. म्हणजे साखळीतल्या वरच्या सगळ्या पायऱ्या ओलांडून साप थेट मोक्याचं बटण दाबतो, आणि त्याच्या मदतनिसालाही उठवतो.

फुरशाचा मार्ग आणखी जवळचा. फुरसं म्हणजे खडकाळ, कोरड्या जागेतला तो छोटा साप, खवले घासून करवतीसारखा खर्र आवाज काढणारा. त्याचं शास्त्रीय नाव एकिस कॅरिनाटस, आणि त्यावरूनच त्याच्या विषातल्या एन्झाइमचं नाव पडलं, एकॅरिन. एकॅरिन फॅक्टर १० च्याही पुढे जातं आणि प्रोथ्रॉम्बिनलाच काप देतं. त्याला कॅल्शियम लागत नाही, जखमेचा पृष्ठभाग लागत नाही, कसली मदतच लागत नाही. वर त्यातून थ्रॉम्बिनचं जे रूप तयार होतं, ते शरीराच्या नेहमीच्या ब्रेकला नीट जुमानत नाही.

हे काम जखमेपुरतं राहत नाही. विष रक्तातून जिथे जाईल तिथे किल्ल्या फिरत जातात. व्हिडिओतल्या भांड्यात जे दिसतं ते हेच. पण भांड्यात रक्त थोडं आणि विष त्यामानाने खूप, म्हणून एकदम गोळा होतो. माणसाच्या अंगात पाच लिटर रक्त वाहतं असतं आणि विष हळूहळू मिसळतं. तिथे मोठा गोळा होत नाही. असंख्य बारीक, कच्च्या जाळ्या होतात, आणि शरीर त्या लगेच विरघळवतही जातं. हे चालू राहतं, चालू राहतं, आणि काही वेळाने रक्तात फायब्रिनोजेनच उरत नाही.

गावाच्या पाण्याच्या टाकीचं उदाहरण घ्या. धुळेकरांना हे लगेच कळेल. रात्री कोणीतरी सगळे व्हॉल्व्ह उघडे टाकले. रात्रभर सगळ्या गल्ल्यांत पाणी. सकाळी तुमच्या घरचा नळ सोडला तर कोरडा. पाईप फुटलेला नाही, नळ बिघडलेला नाही. साठाच संपलाय. घोणस चावलेल्या माणसाचं रक्त पातळ झालेलं नसतं. गोठायचं सगळं सामान आधीच वापरून संपलेलं असतं.

यातला आकडा मला थक्क करतो. निरोगी मोठ्या माणसाच्या रक्तात एकूण साधारण ६ ते १२ ग्रॅम फायब्रिनोजेन असतं. घोणस एका चाव्यात सरासरी साठेक मिलिग्रॅम विष सोडते. म्हणजे शंभर-दोनशे पटीने कमी, आणि त्यातही ही एन्झाइम्स म्हणजे एक हिस्साच. तरी साठा रिकामा होतो, कारण एन्झाइम खर्च होत नाही. एकाला कापलं की पुढच्याकडे वळतं. जोपर्यंत कोणी त्याला धरत नाही तोपर्यंत ते कापतच राहतं.

दरम्यान त्या बारीक गुठळ्या मूत्रपिंडाच्या केसासारख्या नळ्यांत अडकतात. घोणस चावलेल्या कित्येकांना डायलिसिस लागतं ते या आणि अशा कारणांनी. लघवी कमी झाली किंवा चहासारखी काळपट झाली तर ती गोष्ट डॉक्टरला सांगायचीच, तो थकवा नसतो. काही थोड्या पेशंटमध्ये मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीलाही मार बसतो. माणूस वाचतो, घरी येतो, पण महिन्यांनंतरही कायम गळून गेलेला, अंगावरचे केस विरळ झालेले, बाई असेल तर पाळी बंद. लोक म्हणतात, विष अंगात राहिलं. विष नसतं राहिलेलं, संप्रेरकं कमी पडलेली असतात, आणि त्यावर गोळ्या आहेत.

काचेची नळी

आता दवाखान्यात चला. डॉक्टर किंवा सिस्टर हातातून दोनेक मिलिलीटर रक्त काढतात, काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत घालतात आणि बाजूला ठेवून देतात. नातेवाईक बाहेर अस्वस्थ. वीस मिनिटांनी नळी एकदाच तिरकी करायची. रक्त गोठलेलं असेल तर जागचं हलत नाही. वाहिलं, तर विष रक्तात काम करतंय.

ना मशीन, ना लॅब, ना वीज. तरी ही तपासणी जगभर वापरात आहे. नळी काचेचीच का? कारण काचेच्या पृष्ठभागाला लागलं की रक्तातली गोठण्याची एक वेगळी साखळी आपोआप सुरू होते. प्लास्टिकला लागून तशी नीट होत नाही. म्हणून प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही वाहतं राहू शकतं आणि निष्कर्ष चुकतो. साबणाने धुतलेली काचही चालत नाही, साबणाचा अंश घोटाळा करतो. आणि मधेमधे उचलून, हलवून बघायचं नाही. (हे घरी करून बघू नका, प्लीज. त्या वीस मिनिटांत तुम्ही दवाखान्याच्या वाटेवर पाहिजेत.)

इथे एक गोष्ट जोरात सांगतो. नळीतलं रक्त गोठलं म्हणजे धोका टळला असं नाही. नाग आणि मण्यार यांचं विष मुख्यतः मज्जातंतूंवर जातं, रक्त गोठायच्या साखळीवर नाही. पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं, दोन-दोन दिसणं, श्वास अपुरा पडणं, ही त्यांची लक्षणं. मण्यारचा दंश तर बऱ्याचदा रात्री, खाली झोपलेल्या माणसाला होतो आणि खूणही नीट दिसत नाही. शिवाय घोणशीचं विषही उशिरा रक्तात उतरू शकतं. म्हणून पहिली नळी चांगली आली तरी पुन्हा पुन्हा तपासतात आणि निदान चोवीस तास ठेवून घेतात. "काही झालं नाही ना, मग सोडा की" असं म्हणून पेशंट उठवून नेऊ नका.

लस लगेच का देत नाहीत, आणि दिली तर एवढी का

आपण तिला लस म्हणतो. खरं तर ती लस नाही, प्रतिविष आहे. घोड्याला अगदी थोडं थोडं विष टोचत जातात, घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती वेगळी काढून शुद्ध करतात. मुंबईत परळला असलेल्या हाफकिनचं नाव यात जुनं आहे. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष चार सापांवर एकत्र चालतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं.

घोड्याचं प्रथिन आपल्या शरीराला परकं. त्यामुळे काहींना जोरदार ॲलर्जी येऊ शकते, म्हणून डॉक्टर ॲड्रिनॅलिन भरून तयार ठेवतात. बिनविषारी साप चावलेल्याला, किंवा विषारी सापाने चावूनही विष न सोडलेल्याला हे उगाच द्यायचं नसतं. डॉक्टर "बघू, थांबा" म्हणतात ते यासाठी. नळीतलं रक्त वाहिलं, सूज चढत गेली किंवा कुठून रक्त यायला लागलं, की मग मात्र थांबत नाहीत.

आणि मग एकदम आठ-दहा बाटल्या. हिशोब सोपा आहे. एक बाटली १० मिलिलीटरची, आणि १ मिलिलीटर साधारण ०.६ मिलिग्रॅम घोणशीचं विष धरून ठेवतं. म्हणजे एक बाटली ६ मिलिग्रॅम, दहा बाटल्या ६० मिलिग्रॅम. सरासरी चाव्यातलं विष किती सांगितलं होतं? तेवढंच. लहान पोराला डोस अर्धा करायचा का, असा प्रश्न बरेच पालक विचारतात. नाही. सापाने पोराचं वय बघून विष कमी सोडलेलं नसतं. बाटल्या विषावर मोजायच्या, पेशंटच्या वजनावर नाही.

प्रतिविष एन्झाइमला पकडून ठेवतं, बस. संपलेलं फायब्रिनोजेन ते परत आणत नाही. ते काम यकृताचं, आणि त्याला वेळ लागतो, साधारण सहा तास. म्हणून पुढची नळी सहा तासांनी लावतात. तेव्हाही रक्त वाहिलं तर पुन्हा प्रतिविष. गोठलं तर टाकी भरायला लागली. प्रतिविष दिल्यानंतर तासाभरात "अजून रक्त का येतंय" म्हणून डॉक्टरच्या अंगावर धावून जाण्यात अर्थ नसतो, तो या सहा तासांमुळे.

"रक्त जातंय तर रक्ताच्या पिशव्या चढवा" असाही आग्रह असतो. कधी कधी त्या लागतातच. पण आत किल्ल्या फिरवणारं एन्झाइम मोकळं असताना नुसता प्लाझ्मा चढवला, तर त्यातलं फायब्रिनोजेनही त्याच वाटेने जातं. उघड्या व्हॉल्व्हच्या टाकीत टँकर रिकामा करण्यासारखं ते आहे. आधी व्हॉल्व्ह बंद.

आता दंशाच्या जागी ब्लेडने चिरा का मारायचा नाही, हे वेगळं सांगायला हवं का? ज्या माणसाचं रक्त थोड्या वेळात गोठणं बंद होणार आहे, त्याला तुम्ही नवी जखम करून देताय. दोरीने आवळून बांधणंही तसंच. फुरसं आणि घोणस दंशाच्या जागचं मांस सडवतात. घट्ट बांधलं की ते सगळं विष तिथेच कोंडतं, रक्तपुरवठा तुटतो आणि पाय किंवा बोट गमवायची वेळ येते. पाय हलू न देता फळीला किंवा काठीला सैलसर बांधा, अंगठ्या, जोडवी, कडं काढून टाका, १०८ ला फोन लावा किंवा असेल त्या गाडीने निघा. साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. लांबून फोटो निघाला तर काढा, नाही निघाला तर सोडा. त्यापेक्षा उपयोगी फोटो सांगतो. सूज जिथपर्यंत आलीय तिथे पेनाने रेघ मारून, वेळ लिहून तिचा फोटो काढा. डॉक्टरला सूज किती वेगाने चढतेय ते लगेच कळतं.

भगताकडे जाण्याबद्दल सातपुड्याच्या पायथ्याच्या काही ऐकणाऱ्यांनी विचारलंय. मी कुणाच्या श्रद्धेवर बोलत नाही. एवढंच सांगतो की बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कित्येकदा चावतो पण विष सोडत नाही. त्या सगळ्यांना भगताकडे जाऊन बरं वाटतं. उरलेल्यांच्या रक्तात तोवर टाकी रिकामी होत असते. काही भगत आता स्वतःच पेशंटला आधी दवाखान्यात पिटाळतात, ते मला फार मोठं काम वाटतं.

हीच किल्ली औषधात

एक गंमत राहिली. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन नावाच्या तरुण डॉक्टरने आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयातल्या सापांच्या विभागाचे प्रमुख बर्गेस बार्नेट यांनी घोणशीचं विष दहा हजार पट पातळ करून हिमोफिलियाच्या पेशंटच्या जखमेवर लावून बघितलं. हिमोफिलियात फॅक्टर ८ किंवा ९ कमी असतो, त्यामुळे साखळी १० पर्यंत पोचतच नाही, आणि दात काढला तरी दिवसेंदिवस रक्त येत राहतं. घोणस थेट १० ची किल्ली फिरवते, तिला ८ आणि ९ ची गरजच नाही. रक्त थांबलं. याच मॅकफार्लेनने पुढे १९६४ मध्ये रक्त गोठण्याची ही एकामागून एक चालू होणारी साखळी मांडली. मघाशी मी मोटरीचं उदाहरण दिलं ना, त्यामागची कल्पना तिथली.

आजही मोठ्या लॅबमध्ये घोणशीचं विष कामाला आहे. एखाद्या बाईचा वारंवार गर्भपात होत असेल, तर डॉक्टर जी एक तपासणी लिहून देतात, तिच्या रिपोर्टवर "डीआरव्हीव्हीटी" असं असतं. त्यातला आरव्हीव्ही म्हणजे रसेल्स व्हायपर व्हेनम. पातळ केलेलं विष तिच्या रक्ताच्या नमुन्यात टाकून तो किती सेकंदांत गोठतो ते मोजतात. जे विष रानात माणूस मारतं, ते तिच्या रिपोर्टमध्ये तिला का त्रास होतोय ते सांगतं.

आणि घरात कुणाच्या हृदयाचे ठोके अनियमित असतील, पक्षाघाताची भीती म्हणून रक्त गोठू नये यासाठी गोळी चालू असेल, तर त्या गोळीचं नाव बघा. एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन असेल तर ती चालू झालेल्या फॅक्टर १० ला अडवते. डॅबिगॅट्रॅन असेल तर थ्रॉम्बिनला. म्हणजे तीच बटणं, पण साप ती दाबतो आणि गोळी ती दाबू देत नाही. हृदयविकाराचा झटका आल्यावर गुठळी विरघळवायचं जे इंजेक्शन देतात, त्यातलं टेनेक्टेप्लेज हे तर सरळसरळ दुसऱ्या प्रथिनाला चालू करणारं एन्झाइमच आहे. ते प्लास्मिनोजेन नावाचं झोपलेलं प्रथिन उठवतं आणि मग ते गुठळीची जाळी कातरतं.

रात्रीची लाईट

शेवटी थोडं आपल्याकडचं. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. सगळ्यात जास्त मृत्यू असलेल्या राज्यांच्या यादीत मध्य प्रदेश आणि गुजरात आहेत. सातपुडा ओलांडला की एक, नवापूरच्या पुढे गेलं की दुसरं. साप काही सीमा बघत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवून केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला.

आराखडा ठीक आहे. पण शेतीपंपाला लाईट रात्री येते, तेव्हा माणूस रात्री एक वाजता चपलेवर केळीच्या बागेत व्हॉल्व्ह बदलायला जातो. खाली वाळलेल्या पानांचा थर, ठिबकच्या नळ्यांमुळे गारवा, गारव्याला उंदीर आणि उंदरांमागे घोणस. हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्याकडे दिवसा लाईट आली त्यांचं हे एक संकट आपोआप कमी झालं. ज्यांच्याकडे आलेली नाही त्यांनी निदान गमबूट घालावेत, टॉर्च मोबाईलचा न घेता मोठा घ्यावा, आणि कापूस वेचताना, कडब्याची पेंढी उचलताना आधी काठी फिरवावी. शेतकरी कुटुंबात सर्पदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात, त्यासाठी दवाखान्याचे सगळे कागद जपून ठेवा.

प्रतिविषाचीही एक अडचण आहे. ते बनवायला लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतून येतं, तिथल्या इरुला समाजाची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था ते पुरवते. पण घोणस एकच असली तरी प्रदेशाप्रमाणे तिच्या विषातल्या एन्झाइम्सचं प्रमाण बदलतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुणगर यांची प्रयोगशाळा नेमकं हेच तपासते, आणि दक्षिणेतल्या विषावर बनवलेलं प्रतिविष काही भागांतल्या सापांवर कमी पडतं असं त्यांना दिसलंय. म्हणजे काही ठिकाणी दहा बाटल्यांचा तो हिशोब पुरा पडत नाही. म्हणूनच सहा तासांनी पुन्हा काचेची नळी लावायची आणि ती सांगेल ते ऐकायचं.

पुढच्या भागात मण्यार. तिथे रक्ताचा काही संबंध नाही, सगळा खेळ श्वासाचा आहे.